हलका घोडा

रास अल खैमा
९ फेब्रुवारी १९९७

ती. तुकाराममामांस,

विघ्नेशचा नमस्कार. तीन महिन्यांनी लिहितोय आणि तेही कामासाठी, तेव्हा शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घ्या आणि मग पुढे वाचा.

आमच्या अरबाबकडे, म्हणजे मालकाकडे, एक पिस्तूल आहे. त्याची दिगदग्याला शेती आहे, तिथे भटकी कुत्री बकऱ्या फाडतात, म्हणून घेतलं. लायसन त्याच्या नावावर आहे. माल अगदी स्वस्तातला. मुठीचं प्लास्टिक तडकलंय आणि बनवणाऱ्याचं नावसुद्धा धड वाचता येत नाही. सात गोळ्या भराव्यात तर चार उडतात, तीन नुसतं टक् करून गप्प बसतात. परवा कुत्रं समोर उभं होतं आणि अरबाब टक् टक् करत राहिला. तेव्हापासून त्याचं डोकं फिरलंय.

ऑफिसात कुणीतरी त्याला सांगितलं की खडी क्रशरच्या गॅरेजमधल्या विघ्नेशचा मामा बंदुका दुरुस्त करतो. त्याने मला बोलावून पिस्तूल पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "तुम ठीक करो, मैं छुट्टी देगा. यल्ला." यल्ला म्हणजे चल, लाग कामाला.

मामा, छुट्टी दोनदा नाकारली आहे. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात आहे आणि किल्ली अरबाबकडे. मी निघालो तेव्हा वैभवीला चौथा महिना होता. मनाली आता दोन वर्षांची झाली, आणि माझ्याकडे तिचे तीन फोटो आहेत. हे पिस्तूल चाललं तर मी घरी येतो, नाही चाललं तर आणखी वर्षभर तरी नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय.

काय करायचं ते सविस्तर लिहा. वैभवीला यातलं काही बोलू नका.

तुमचा
विघ्नेश


नेरूर, ता. कुडाळ
२२ फेब्रुवारी १९९७

चि. विघ्नेश,

क्षेमकुशल नंतर, आधी काम.

इथे बसून तुझं पिस्तूल दुरुस्त करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्यात उंट तुझ्या गावात. तरी सांगतो. वाजत नाही त्या गोळीला तिथेच नावं ठेवत बसू नकोस. तोंड मोकळ्या जागेकडे ठेवून थोडा वेळ थांब, कधीकधी बार उशिराने होतो. मग ती गोळी काढून तिच्या बुडाकडे बघ. खळी पडली आहे का? खळी खोल असून बार झाला नसेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर दोष हत्याराचा. निम्म्या लोकांना हे कळत नाही, उगाच हत्यार खोलून बसतात.

तेव्हा पहिल्यांदा काडतुसं बदल. ती जुनी किंवा उन्हात तापलेली असतील तर पुढचं काही करूच नकोस. दुसरं म्हणजे तेल. तुमच्याकडची वाळू आणि तेल एकत्र आलं की चिखल होतो, तो धुऊन काढ.

आणि एक विचारायचं आहे. पिस्तूल चालवणार कोण? लायसन ज्याच्या नावावर त्याच्याच हातात हत्यार असलं पाहिजे. चाळीस वर्षांत मी हा नियम मोडलेला नाही. दुसऱ्या कुणासाठी असेल तर मला विचारू नकोस.

मनाली आता माझ्या दुकानापर्यंत चालत येते. मला आजोबा म्हणते आणि माझ्या चष्म्यावर तिचा डोळा आहे.

तुकाराम


रास अल खैमा
७ मार्च १९९७

ती. मामांस,

तुमच्या पत्राची मी इतकी वाट पाहिली की आमचा क्लार्क राजन चिडवायला लागला, "क्या, शादी का रिश्ता आने वाला है?"

तुम्ही म्हणालात तसं धुतलं. आतून खिडकीला लावायच्या लांबीसारखा गोळा निघाला. आता सातातल्या पाच उडतात. दोन गोळ्या मुक्या राहतातच. त्यांच्या बुडाला खळी आहे, पण ती खोल म्हणावी की उथळ ते मला ठरवता येत नाही. मला तरी उथळच वाटली.

काडतुसांचं म्हणाल तर अरबाब म्हणतो नवीन आहेत. राजन हळूच सांगतो की तो डबा दोन उन्हाळे गाडीच्या डॅशबोर्डमध्ये पडून होता. पण तुमची काडतुसं खराब आहेत असं अरबाबला तोंडावर सांगायची इथे कुणाची टाप आहे? मी सांगितलं तर तो म्हणणार, इस को काम नहीं आता. मग छुट्टी खलास. तेव्हा हत्यारातच काय करता येईल ते सांगा.

चालवणार अरबाबच. दुसरं कोण चालवणार?

खोलीत आता आम्ही दोघंच आहोत, मी आणि तय्यब. तो स्वातचा पठाण, शेतावरचा ड्रायव्हर आणि राखणदार. रोट्या तोच करतो, मला भात तेवढा लावू देतो. त्याला तीन मुलं आहेत. मनालीचा फोटो त्याने स्वतःच्या मुलांच्या फोटोशेजारी भिंतीवर लावलाय आणि म्हणतो, "ये भी हमारा है."

तुमचा
विघ्नेश


नेरूर
२० मार्च १९९७

चि. विघ्नेश,

काडतुसं बदलायला अजूनही सांगतो. पण तुझ्या मालकाची अक्कल मला इथून बदलता येणार नाही.

खळी उथळ आहे म्हणतोस ना? मग घोडा जड चालतोय. आत बाजूला कुठेतरी घासत असणार. स्वस्तातल्या मालाला कडा नीट मारलेल्या नसतात, माझ्याकडे येणाऱ्या गावठी बंदुकांचंही हेच रडगाणं. जिथे घासल्याची चमक दिसेल तिथे बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत कर. घाई नको. घोडा लोण्यात सुरी फिरावी इतका हलका झाला पाहिजे. घोडा हलका झाला की बार होणारच.

तुझा हात चांगला आहे. आयटीआयला गेलास, नाहीतर दुकान तुझ्याच नावावर करणार होतो. असो. नीट कर आणि घरी ये. वैभवी बोलत नाही, पण पोस्टमन फाटकाशी थांबला की हातातलं काम तसंच टाकून धावते. मला ते बघवत नाही.

तुकाराम


रास अल खैमा
४ एप्रिल १९९७

ती. मामांस,

तुमच्या पायावर डोकं ठेवतो. पिस्तूल चाललं.

तुम्ही म्हणालात तसंच निघालं. घोडा खरंच जड होता, ओढताना बोट दुखायचं. मी तीन संध्याकाळी बसून जिथे जिथे चमक दिसली तिथे घासलं आणि त्याची स्प्रिंगही थोडी सैल केली. आता करंगळीने ओढला तरी बार. आज शुक्रवारी शेतावर अरबाबसमोर अकरा गोळ्या उडवल्या, अकराच्या अकरा वाजल्या. योगायोग बघा, आजच त्याने काडतुसांचा नवीन डबा आणला होता. मला वाटतं राजनने काहीतरी सांगून त्याच्या डोक्यात भरवलं असणार.

तय्यब तर खूश आहे. "घोड़ा मक्खन हो गया," म्हणतो. अरबाबने पिस्तूल त्याच्याकडेच दिलंय, कारण रोज शेतावर तोच असतो. तुम्ही रागवाल म्हणून मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. कमरेला खोचून आरशात बघत होता.

अरबाबने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि राजनला सांगितलं, महिनाअखेरची छुट्टी लिही. दोन महिने! मामा, मी येतोय. मनालीच्या पायाचं माप कागदावर काढून पाठवा. शारजाला अल मजाजजवळ लहान मुलांच्या चपलांचं दुकान आहे, तिथून घेतो. वैभवीला आता सांगितलंत तरी चालेल.

तुमचा
विघ्नेश


नेरूर
१७ एप्रिल १९९७

विघ्नेश,

पत्र आत्ता मिळालं. उभ्याउभ्या लिहितोय. हे पोस्टात टाकून तसाच कुडाळला तार करायला जाणार आहे.

अरे, घोडा ओढत नाहीत. ओढतात तो चाप. घोडा म्हणजे मागून येऊन आपटतो तो. ठासणीच्या बंदुकीवर कानासारखा उभा असतो, तू लहानपणी त्यालाच लोंबकळायचास. तुझ्या पिस्तुलावर तो बाहेर दिसत नसेल तर आत झाकलेला असणार. ते मला सुचलं नाही. तुमच्याकडे सगळे हिंदी बोलतात आणि हिंदीत चापालाच घोडा म्हणतात, तेही सुचलं नाही. मी सांगितलं एक आणि तू हलकं केलंस भलतंच. बार होतात ते नव्या काडतुसांमुळे, तुझ्या घासण्यामुळे नव्हे. दोष पहिल्यापासून काडतुसांचाच होता.

आता ते हत्यार धक्क्यानेसुद्धा सुटेल. तय्यबच्या कमरेवरून आजच्या आज काढ. काडतुसं बाहेर काढ, रिकामं करून कपाटात टाक आणि अरबाबला सांग, बिघडलं. काय वाटेल ते सांग. छुट्टी गेली तर जाऊ दे.

मला भीती वाटते आहे. लगेच उलट तार कर.

तुकाराम


रास अल खैमा
२० एप्रिल १९९७

ती. मामांस,

तुमची तार काल शनिवारी राजनने हातात दिली. 'पिस्तूल वापरू नका. कमरेला लावू नका.' तय्यब सोमवारी गेला.

शेताच्या फाटकाशी पिकअपमधून खाली उतरला. उडी मारली, एवढंच. पिस्तूल पुढे कमरेला होतं. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला होतो, मला वाटलं टायर फुटला. तो फाटकाला धरून खाली बसला आणि म्हणाला, "विघ्नेश, ये क्या हुआ?" त्याने कशालाही हात लावला नव्हता. दोन्ही हातांत चाऱ्याच्या दोऱ्या होत्या. हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं.

तार वाचेपर्यंत मला कळलंच नव्हतं की हे माझ्या घासण्याने झालं. पाच दिवस मी स्वस्त मालाला शिव्या देत होतो.

पुढचं ऐका. अरबाबने पोलिसांना सांगितलं की तय्यबने पिस्तूल ऑफिसातून चोरलं आणि खेळताना स्वतःला मारून घेतलं. स्वतःचं लायसनवालं हत्यार नोकराच्या हातात दिलं म्हटलं तर तो अडकतो ना. मग मला बोलावलं. टेबलावर माझा पासपोर्ट होता आणि गुरुवारचं, २४ तारखेचं मुंबईचं तिकीट. अरबाब रडल्यासारखा दिसत होता, ते खोटं नव्हतं. राजनने त्याचं बोलणं सांगितलं, "तू घर जा. बेटी को देख. इधर तूने कुछ नहीं देखा."

पासपोर्ट आत्ता माझ्या उशाखाली आहे. अडीच वर्षांत पहिल्यांदा हातात आलाय.

तय्यबचा भाऊ यूनुस शारजात टॅक्सी चालवतो. आज ट्रंक न्यायला आला होता. पोलिसांनी त्याला कागद वाचून दाखवला. भिंतीवरचे फोटो काढताना त्याने मला विचारलं, "भाई, तुम साथ में रहता था. मैं जहांआरा भाभी को क्या लिखूँ? चोर था?" मी म्हटलं, मुझे नहीं मालूम. असं मी म्हटलं, मामा. मनालीचा फोटो त्याने माझ्या हातात दिला आणि गेला.

आणखी एक खोटं आहे. माझा मामा बंदूकवाला आहे आणि त्याने मला सगळं शिकवलंय, हे अरबाबला मीच सांगितलं होतं. कुणीतरी सांगितलं असं तुम्हाला लिहिलं. छुट्टीसाठी मीच पुढे पुढे केलं.

तुमचं उत्तर गुरुवारच्या आत येणार नाही हे मला कळतं. तरी विचारतो. मी काय करू?

विघ्नेश


नेरूर
३ मे १९९७

चि. विघ्नेश,

तुझं पत्र काल आलं. २४ तारीख होऊन गेली आणि तू आला नाहीस. म्हणजे काय केलंस ते मला कळलं. हे पत्र राजनच्या पत्त्यावरच टाकतो, तो तुझ्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे.

तू आपलं खोटं सांगितलंस, आता माझं ऐक. मी पिस्तूल आयुष्यात एकदाच उघडलंय. सावंतवाडीला एका रिटायर मेजरचं होतं, आणि तेही मला परत नीट जोडता आलं नाही. त्यानेच जोडलं. माझं आयुष्य ठासणीच्या आणि बाराबोरच्या बंदुकांत गेलं. पहिल्याच पत्रात मी लिहायला हवं होतं की बाबा, हे माझं काम नव्हे. पण भाच्याने परदेशातून सल्ला विचारला आणि मी फुगलो. चार माणसांना ते पत्र वाचूनसुद्धा दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

म्हणून आता सांगतो तसं कर. माझं २० मार्चचं पत्र पोलिसांना दाखव. त्यात स्पष्ट आहे, घोडा हलका कर असं मीच लिहिलंय. खाली माझी सही आहे. त्यांना म्हणावं, शब्द मामाचा, हात फक्त माझा. इथल्या मामलेदाराकडून काही कागद लागला तर तो मी आणतो. मी सत्तरीला आलोय, मला कोण काय करणार आहे?

तू येतोयस याखेरीज वैभवीला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिने अंगण सारवलं होतं.

तुकाराम


रास अल खैमा, जेल
३० मे १९९७

ती. मामांस,

हे पत्र यूनुस बाहेर नेऊन टाकेल. तो दर आठवड्याला येतो. मी त्याच्या भावाला मारलं आणि तो माझ्यासाठी साबण आणतो.

गुरुवारी राजन मला विमानतळावर सोडायला निघाला होता. बॅगेत चपला होत्या. माप आलं नव्हतं, अंदाजाने घेतल्या. त्या घेताना मुलं कितव्या वर्षी कोणता नंबर घालतात ते मी दुकानदाराला विचारत होतो, आणि तय्यबला हे न विचारता माहीत असणार असं माझ्या मनात आलं. दुबईच्या रस्त्याला लागताना मी राजनला म्हटलं, गाडी पोलिस स्टेशनला घे. तो म्हणाला, पागल हो गया क्या, घर जा. तीनदा म्हणाला. मग त्याने गाडी वळवली.

मी सांगितलं की पिस्तूल अरबाबने माझ्यासमोर तय्यबला दिलं आणि ते बिघडवलं मी. पासपोर्ट मी स्वतः त्यांच्या टेबलावर ठेवला. मला अठरा महिन्यांची शिक्षा झालीय, त्यानंतर कायमचं परत पाठवतील. अरबाबचं काय झालं ते मला इथे कुणी सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.

कागदावरून चोरी काढली. यूनुसने घरी तसं लिहिलं. तो म्हणाला, "अब माँ बाहर निकलती है." याच्यापुढे त्याने काही सांगितलं नाही.

पोलिसांनी मला विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, कुणी नाही. तुमचं ते पत्र मी बुधवारीच स्टोव्हवर जाळलं होतं. तुमचा शब्द बरोबर होता, मामा. आपल्या गावात बरोबरच होता. मला इथे राहून राहून त्याचा दुसरा अर्थ लागला. तुम्ही पुन्हा कुणाला काही लिहू नका, ही माझी विनंती आहे.

वैभवीला फोनवर छुट्टी लांबली एवढंच सांगितलंय. खरं तुम्ही सांगा. मला तिचा आवाज ऐकून ते सांगता येणार नाही.

विघ्नेश


नेरूर
१६ जून १९९७

चि. विघ्नेश,

वैभवीला सांगितलं. तुझं पत्रच वाचून दाखवलं, मधलं काही गाळलं नाही.

ती रडली नाही. तय्यबला मुलं किती, ते विचारलं. तीन, म्हटलं. बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "मामानू, तिकीट हातात होतां ना? गपचूप येवचा होतां. मी तेंका कधीच काय विचारलंय नसतंय." मी म्हटलं, त्याने बरोबर केलं. ती म्हणाली, "बरोबर केल्यानी. माका म्हायत आसा." आणि सूप घेऊन आत गेली. तुझ्यावर रागावली आहे आणि तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. तू तिला स्वतः लिही. शब्द सापडले नाहीत तरी लिही.

मी दुकान बंद केलं. लायसन कलेक्टर कचेरीत नेऊन दिलं. तिथला कारकून कारण विचारत होता, म्हटलं, नजर गेली. पत्र तू जाळलंस खरं, पण मला ते पहिल्या ओळीपासून पाठ आहे, त्याला काय करणार? तय्यबच्या बायकोला दोन ओळी लिहाव्यात असं वाटतं. यूनुसला विचार, चालेल का. तो नको म्हणाला तर नको.

मनाली रोज संध्याकाळी, मी बाजाराला निघालो की, अंगणाच्या कडेला उभी असते आणि मला हाक मारून विचारते, "आजोबा, बाबा कधी येतले?" इतके दिवस मी सांगायचो, आंबे संपायच्या आत. आंबे संपले. परवापासून मी बाजाराला वरच्या वाटेने जातो.

तुझा
तुकाराममामा